सोसायटीच्या वार्षिक उपक्रमाचा निधी कर्करोग संशोधनाला द्यावा का?

प्रश्न (डोंबिवली)
नमस्कार. आमच्या सोसायटीत दर जानेवारीत प्रभातफेरी आणि घरगुती फराळाची विक्री करून निधी जमवला जातो. आजवर ती रक्कम गरजू रुग्णांच्या औषधपाण्यासाठी दिली जात असे. यंदा काही सभासदांनी ती कर्करोगावरील संशोधनासाठी द्यावी, असे सुचवले. त्यावर ज्येष्ठांचे म्हणणे असे पडले की, डोळ्यांसमोर रुग्ण असताना प्रयोगशाळेला पैसे कशाला द्यायचे आणि आपल्या लाखभर रुपयांनी तिथे काय फरक पडणार? दोन्ही शंका मला रास्त वाटतात. शिवाय परवानगी आणि पावत्यांचे काय करावे लागते, याचेही मार्गदर्शन व्हावे.

उत्तर १ (बार्शी)
संशोधन म्हणजे केवळ प्रयोगशाळा, हा समज आधी दूर व्हायला हवा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत १,३१,००० हून अधिक स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास झाला आणि त्यात आमच्या बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाचा मोठा वाटा होता. आयुष्यात एकदाच एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूची चाचणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. त्या स्त्रिया कुणाच्या तरी आई, सासू, जावाच होत्या.

दुसरे उदाहरण टाटा स्मारक केंद्राचे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी तिच्याभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तेच भुलीचे औषध टोचले, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या स्वस्त औषधात कोणत्याही कंपनीला नफा नसतो, त्यामुळे त्याच्या चाचणीसाठी ती सहसा पुढे येत नाही. तिथे सरकारी आणि लोकांचाच पैसा लागतो. म्हणूनच संशोधनासाठी दिलेला पैसा रुग्णाच्याच पदरात पडतो, फक्त त्या रुग्णाचा चेहरा आज आपल्याला दिसत नाही, असे मी आपल्या ज्येष्ठांना आदराने सांगेन.

उत्तर २ (टोरंटो)
लाखभराने काय होणार, या शंकेबद्दल लिहितो. १९८० मध्ये टेरी फॉक्स हा कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला तरुण कृत्रिम पायावर कॅनडा पार करायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. प्रत्येक कॅनेडियनाने संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी होती आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे २.४१ कोटी डॉलर जमले. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला.

त्याच्या नावाची दौड आता दर सप्टेंबरला इथल्या लहान गावांतही होते. तिला प्रवेशशुल्क नसते, कुणाचा पहिला क्रमांक येत नाही आणि कंपन्यांच्या जाहिराती नसतात; कर्करोगातून बरे झालेले लोक लाल टी-शर्ट घालून चालतात आणि बाकीचे त्यांच्यासोबत चालतात. आपल्या प्रभातफेरीच्या फलकावरही प्रायोजकांची नावे टाळावीत, असे मला कळकळीने वाटते.

उत्तर ३ (ठाणे, सनदी लेखापाल)
हिशेबाची बाजू सांगतो. लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळे तीच घेतात. मोठी देणगी सभासदांनी सोसायटीच्या पेटीत न टाकता पॅन क्रमांकासह थेट संशोधन करणाऱ्या संस्थेच्या खात्यात भरावी, म्हणजे पावती त्यांच्याच नावे मिळेल. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर करसवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर या देणगीवर सवलतच नाही, हे सभेत आधीच सांगावे. फराळाचे सामान, मंडप यांचा खर्च विक्रीतून वळता करताना बिले जपून ठेवावीत आणि संस्थेला पत्र देताना रक्कम ‘केवळ संशोधनासाठी’ असा स्पष्ट उल्लेख करावा. तसा उल्लेख नसल्यास ती सर्वसाधारण निधीत जमा होऊ शकते.