सकाळी टायरचा दिवा लागतो, चांदोरीपर्यंत विझतो. सेन्सर बदलू का?

बागवाला_निफाड

राम राम मंडळी. मला बाग कळते, गाडी कळत नाही. म्हणून जे दिसलं ते सगळं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाडी २०१९ची, मी दुसऱ्या हाताने घेतलेली. चारही टायरमध्ये हवेचा दाब मोजणारे कंपनीचे सेन्सर आहेत, मीटरवर चारही चाकांचे आकडे दिसतात. गेला महिनाभर सकाळी गाडी काढली की तो पिवळा दिवा लागतो, घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह. नाशिकच्या रस्त्याला लागलो की चांदोरी येईपर्यंत आपोआप विझतो. दुपारी परत येताना काही नाही. मीटर दरवेळी उजव्या मागच्या चाकाकडेच बोट दाखवतं.

त्या चाकाचं काय काय झालं ते सांगतो. पंक्चरवाल्याने दोनदा काढून पाण्याच्या टाकीत बुडवलं. एक बुडबुडा नाही. तिसऱ्यांदा गेलो तर तो म्हणाला, "काका, चाकाला आंघोळ घालून घालून माझी टाकी गढूळ झाली." सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर मशीन लावून पाहिलं आणि म्हणाले सेन्सर गेलाय, साडेतीन हजार, वर मजुरी. गाडी सहा वर्षांची आहे, आतली बॅटरी संपली असेल म्हणाले.

आता माझी एक सवय. थंडीत आम्ही द्राक्षवाले पहाटे साडेपाचला बागेतला थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहितो. पारा फार उतरला तर मणी तडकतात, म्हणून शेकोट्या पेटवायच्या की नाही हे त्या आकड्यावर ठरतं. परवा सहज त्याच वहीत दिव्याचीही नोंद करायला लागलो. बघा:

सोमवार, ११.६, दिवा नाही.
मंगळवार, ९.०, लागला, सायखेडा फाट्याच्या आधीच विझला.
बुधवार, ७.२, लागला, पार चांदोरीपर्यंत राहिला. परत येताना पंपावर चारही चाकांत ३३ हवा भरली.
गुरुवार, ७.८, नाही.
शुक्रवार, ७.०, नाही.
शनिवार, १०.५, नाही.
पुढच्या बुधवारी ६.९, पुन्हा लागला. तेच चाक.

सेन्सर खराब असेल तर तो थंडी बघून खराब होतो का? साडेतीन हजार घालायच्या आधी विचारावं म्हटलं.

---

घाटमार्गी

काळी चिकटपट्टी. दहा रुपये. दिव्यावर लावा आणि सुखाने झोपा.

गंमत सोडा, साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरून घ्या. थंडी-उन्हाने प्रेशर हलत नाही. मी तीन वर्षं तोच भरतो.

---

टायरवाला_मिरज

घाटमार्गी, तुमचं तीन वर्षं पैसे देणं बंद करायचं पुण्य आज मला लागू द्या. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. थंडीत दोन्ही सारखेच आकसतात. फरक एवढाच की नायट्रोजन कोरडा येतो आणि काही पंपांच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असतं. माझ्या दुकानातही नायट्रोजनचं मशीन आहे, म्हणून बिनधास्त बोलतोय.

बागवाले काका, तुमची वही झकास आहे. गिऱ्हाईक एवढं लिहून आणत असतं तर माझं अर्धं काम झालं असतं. आता चार प्रश्न विचारतो, उत्तरं द्या, सेन्सरचं नंतर बघू.

एक, चावी फिरवल्यावर दिवा आधी मिनिटभर उघडझाप करतो का? उघडझाप करून मग स्थिर राहिला तर सिस्टीममध्येच बिघाड, म्हणजे सेन्सर मेला किंवा बोलत नाही. पहिल्यापासून स्थिर असेल तर तो खरंच हवा कमी आहे म्हणतोय. आणि तुम्हाला त्या चाकाचा आकडा दिसतोय ना? बॅटरी मेलेला सेन्सर आकडा देत नाही, तिथं नुसत्या रेघा येतात.

दोन, पंपावर हवा भरता ती किती किलोमीटर चालवून?

तीन, हवा मोजायचं स्वतःचं गेज आहे का? पंपाच्या मशीनवर आणि मीटरवर विश्वास ठेवून हे सुटणार नाही.

चार, आणि हे नीट आठवून सांगा, हल्ली टायर फिरवलेत का? पुढचे मागे, मागचे पुढे?

---

बागवाला_निफाड

उघडझाप नाही, सरळ लागतो आणि आकडाही दिसतो. परवा २५ होता, बाकी तिघे २८. हवा भरतो ती नाशिकहून परत येताना, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर चालवून, भर दुपारी. गेज नाही. टायर दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंगला फिरवले, बिलावर लिहिलंय.

---

टायरवाला_मिरज

मग बसा, सांगतो.

पहिलं, गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेले ३३ हे गार टायरचे असतात. गाडी तीन तास तरी उभी असली पाहिजे. तुम्ही दुपारी, रस्त्यावर तापलेल्या टायरमध्ये ३३ भरताय. आतली हवा तेव्हा ४५ अंशांच्या आसपास धरा, आणि निफाडची पहाट ७ अंश. सहा-सात अंश उतरले की एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, तुमचे ३३ त्यातलेच) जातो हा आमचा ढोबळ हिशोब. ३८ अंशांचा फरक, म्हणजे पाच-सहा गेले. ३३चे २७-२८ झाले. तुमचे तिन्ही चांगले टायर २८ दाखवतात ते म्हणूनच. चारही चाकं रोज सकाळी दिव्याच्या उंबऱ्यावर उभी असतात आणि त्यातलं एक जरा पुढं ढकललं जातंय. चालवून गरम झालं की तीन-चार पीएसआय परत येतात, दिवा विझतो. यात सेन्सरचा काही दोष नाही, उलट बिचारा खरं बोलतोय.

पण ते एक चाक आठवड्यात दोन-तीन पीएसआय जास्त सोडतंय हेही खरं. हवा कुठून तरी जातेच आहे. फक्त मला शंका आहे की तुम्ही चुकीच्या चाकाला आंघोळ घालताय.

सेन्सर चाकाच्या आत व्हॉल्व्हला बसवलेला असतो. चाक पुढे गेलं की तोही पुढे जातो. काही गाड्या स्वतः ओळखतात कुठला सेन्सर कुठे आला ते. काहींना मशीन लावून शिकवावं लागतं. शिकवलं नाही तर मीटर अजून दिवाळीआधीच्याच जागा दाखवतो.

पाचशे रुपयांच्या आतलं गेज घ्या. पहाटे, गाडी हलवायच्या आधी, चारही चाकं मोजून वहीत लिहा. मग उजव्या मागच्या चाकातून मुद्दाम तीन-चार पीएसआय सोडा आणि मीटरवर कुणाचा आकडा पडतो ते बघा. जागेवर बघू नका, गाडी उभी असताना सेन्सर झोपलेले असतात. थोडी पळवा.

---

नाशिकरोडची_मिनेसोटात

मी मूळची नाशिकरोडची, आता मिनियापोलिसला असते. इथे ऑक्टोबरातल्या पहिल्या कडक थंडीला आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये निम्म्या गाड्यांचे दिवे एकाच सकाळी लागतात आणि टायरच्या दुकानाबाहेर रांग. २००० सालच्या कायद्यानंतर ही यंत्रणा इथे सक्तीची झाली, सप्टेंबर २००७पासून सगळ्या नव्या मोटारींना. नियम असा की लिहिलेल्या प्रेशरपेक्षा २५ टक्के कमी झालं की दिवा लागलाच पाहिजे. ३३चे २५ टक्के काढले तर पावणेपंचवीस उरतात. काकांचा २५चा आकडा त्याच्याजवळच आहे. भारतातल्या गाडीत थोडा आधीही लागत असेल.

एक गोष्ट जोडते. मोजताना गाडीची एक बाजू उन्हात नको. मी एकदा पूर्वेच्या उन्हात उभ्या गाडीच्या डाव्या चाकांत दोन पीएसआय जास्त बघून उजव्यांत हवा भरत बसले होते. सावलीत गेल्यावर उजवी जास्त.

आणि काका, ६.९? मी निफाडचा पारा बघून आईला फोन करते, "बघ, आमच्यासारखी थंडी पडली." इथे आज उणे १९ आहे, पण ते सांगत नाही.

---

बागवाला_निफाड

मंडळी, आज सकाळचा प्रकार लिहितो.

साडेचारशेचं गेज आणलं. पहाटे साडेपाच, बागेत ७.४. अंगावर घोंगडी, तोंडात टॉर्च. गेजवर पुढचं डावं २८, मागचं डावं २८, मागचं उजवं २८. पुढचं उजवं २५. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावलं, पुन्हा २५. गाडी थोडी पळवून मीटर बघितलं तर तिथे पुढचं उजवं २८ आणि मागचं उजवं २५. म्हणजे ज्याला महिनाभर टाकीत बुडवलं ते चाक निर्दोष होतं आणि आरोपी पुढे बसून मजा बघत होता.

तरी मिरजकरांनी सांगितलं तसं केलं. मागच्या उजव्यातून फुस्स करून चार सोडले. जागेवर मीटर ढिम्म. मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन आणली तर पुढच्या उजव्याचा आकडा २४. चाकं पुढेमागे झाली आणि मीटरला कुणी कळवलंच नाही.

मग कपडे धुवायच्या साबणाचं पाणी केलं. पुढच्या उजव्याच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर टाकलं, काही नाही. टायरवर टाकलं, काही नाही. रिमच्या कडेला, जिथे रबर धातूला चिकटतं तिथे टाकलं आणि टॉर्च मारत बसलो. दोन मिनिटं काही दिसेना. मग एका वितीएवढ्या पट्ट्यात ताकाच्या कडेला येतो तसा बारीक पांढरा फेस हळूहळू वर आला. बुडबुडे म्हणावेत इतके मोठे नाहीतच. सौ. म्हणाली, "एवढ्या पहाटे चाकापुढे कसली पूजा मांडलीय?"

---

टायरवाला_मिरज

सापडलं! रिमची कड खाल्लीय. अलॉयला पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते, त्यामुळे रबर नीट बसत नाही. थंडीत रबर कडक होतं, मग जास्तच सुटतं. टायर उतरवून तारेच्या ब्रशने कड घासायची, सीलर लावायचा, झालं. दोनशेच्या वर कुणी मागितले तर माझं नाव सांगा, फायदा काही होणार नाही पण सांगा.

एक महत्त्वाचं. टायर उतरवायच्या आधी पोराला मोठ्याने सांगा की आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या बाजूने पाना घालू नकोस. घाई असली की पहिला घाव तिथेच बसतो. मग खरंच साडेतीन हजार जातील. हा सेन्सर अजून दोन-चार वर्षं चालेल, पण बॅटरी आत पक्की बंद असते, संपली की पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. ते दुखणं आलं की बघू.

---

बागवाला_निफाड

झालं काम. दीडशे रुपये. पंक्चरवाला तोच, त्याने भुकटी बोटावर घेऊन दाखवली, चुन्यासारखी. औषध फवारणीचा ट्रॅक्टर आणि गाडी एकाच शेडमध्ये धुता म्हणून असं झालं असा त्याचा कयास. असेलही. सर्व्हिस सेंटरवाल्यांकडे जाऊन सेन्सरच्या जागा शिकवून घेतल्या, त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहाही दिला. साडेतीन हजाराचा विषय कुणीच काढला नाही, मीही नाही.

हवा आता घरीच भरतो. छोटा कॉम्प्रेसर घेतला, पहाटे गार टायरमध्ये ३३. आजची नोंद: ६.२, चौघे ३३, ३३, ३२, ३३, दिवा नाही. दुपारी नाशिकला ३७ दिसले तेव्हा जरा घाबरलो, पण सोडली नाही.

---

नाशिकरोडची_मिनेसोटात

बरोबर केलंत, गरम टायरमधली सोडायची नसते.

काका, गेज हातात होतंच तर स्टेपनी मोजली का? बहुतेक गाड्यांत तिच्यात सेन्सर नसतो.

---

बागवाला_निफाड

आत्ता जाऊन मोजली. चौदा.