स्वरमंडळाचा गांधार तंबोऱ्याशी का जुळत नाही?

खर्जप्रेमी (प्रश्न):
नमस्कार. मी काही वर्षांपासून गाणे शिकत आहे आणि अलीकडेच एक जुने स्वरमंडळ (गाताना छेडायचे अनेक तारांचे वाद्य) हाताशी आले आहे. त्यावर भूप रागाचे स्वर (सा रे ग प ध) लावण्यासाठी मी षड्ज-पंचम भावाने तारा लावत गेलो, म्हणजे सा वरून प, प वरून रे, रे वरून ध आणि ध वरून ग. प्रत्येक जोडी कानाला निर्दोष लागली, तरीही शेवटी आलेला गांधार तंबोऱ्यासमोर चढा वाटतो. मोबाइलवरच्या ॲपमध्ये सा शून्यावर ठेवला की माझा ग ॲपच्या ग पेक्षा ८ सेंट (एक सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) चढा दिसतो आणि तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा ग जवळपास १४ सेंट उतरलेला दिसतो. हा २२ सेंटांचा फरक म्हणजेच ‘कॉमा’ (स्वर लावताना उरणारी बारीक फट) का? काही ठिकाणी कॉमाचे माप साडेतेवीस सेंट दिलेले वाचले. शिवाय प्रमाणश्रुती (श्रुती म्हणजे सप्तकाच्या बावीस सूक्ष्म भागांपैकी एक) म्हणतात ती हीच का?

अपूर्णांक:
तुमच्या कानाचीही चूक नाही आणि ॲपचीही नाही. हिशेबाला सोपे जावे म्हणून सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. त्याच्या दीडपट प ३६०. त्याच्या दीडपट तार सप्तकातला रे ५४०, तो खाली आणला की २७०. त्यावरून ध ४०५ आणि त्यावरून तार ग ६०७.५, म्हणजे मध्य सप्तकात ३०३.७५. तंबोऱ्यातला ग मात्र सा शी ५:४ या नात्याचा, म्हणून नेमका ३०० कंपनांचा. या दोन गांधारांचे गुणोत्तर ८१:८० असे येते आणि ते सेंटांत मोजले तर २१.५ भरते; तुमचा २२ सेंटांचा कॉमा तो हाच.

साडेतेवीसचा कॉमा वेगळा आहे. तुम्ही चार पावलांवर थांबलात. तसे न थांबता बारा पंचम चढत गेलात तर सात सप्तके ओलांडून सा वर परत यायला हवे, पण दीडचा बारावा घात १२९.७५ च्या आसपास येतो आणि दोनाचा सातवा घात १२८. तेवढी फट म्हणजे २३.४६ सेंट. याला पायथागोरसचा कॉमा म्हणतात. पहिल्या फटीत ३ आणि ५ या आकड्यांचे जमत नाही, दुसरीत ३ आणि २ यांचे. दोन्ही मापे इतकी जवळ आहेत की लिहिणारे सर्रास त्यांची गल्लत करतात. त्यांच्यातला फरक १.९५ सेंटांचा असून त्यालाही स्किझ्मा असे स्वतंत्र नाव आहे. २४० कंपनांच्या तारेत हा फरक पाव कंपनापेक्षा किंचित जास्त भरतो. दोन तारा एवढ्याने वेगळ्या लावल्या तर आवाजात सुमारे पावणेचार सेकंदांना एक लाट येईल, आणि स्वरमंडळाची तार तोवर बहुधा विझू लागलेली असेल.

जवारी:
आकडे बरोबर आहेत, पण लावणाऱ्याच्या हाती काय राहते तेही पाहू. खर्जाची तार १२० कंपनांची असेल तर तिच्या पाचव्या अंशस्वरातून (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या पाचपट कंपनांच्या स्वरातून) ६०० मिळतात, आणि हाच तो स्वयंभू गांधार. तुमच्या ३०३.७५ च्या तारेचा दुसरा अंशस्वर ६०७.५ चा आहे. म्हणून दोन्ही एकत्र वाजताना सेकंदाला साडेसात लाटा उठतात, ज्यांना शाळेच्या भौतिकशास्त्रात विस्पंद म्हणत. पेटीचा गांधारही चढाच असतो, पण १४ सेंटांनी, म्हणून तिथे या लाटा पावणेपाचच्या घरात राहतात.

उपाय म्हणून केवळ ग उतरवू नका. ग ३०० वर आणला आणि ध ४०५ वरच ठेवला, तर ध-ग ही जोडी खऱ्या पंचमापेक्षा २१.५ सेंटांनी तोकडी पडते आणि अक्षरशः किंचाळते. ध सुद्धा ४०० वर आणावा लागतो. मग ध-ग शांत होतात आणि तीच तोकडी जोडी रे आणि ध यांच्यात जाऊन बसते. कॉमा नाहीसा होत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. भूपाचा ध उतरता आणि त्याच स्वरांच्या देसकार रागाचा चढा असे जाणकार सांगतात, ते ४०० आणि ४०५ या आकड्यांशी चांगले जुळते.

जुनी पोथी:
प्रमाणश्रुतीबद्दल थोडे सावधपणे बोलायला हवे. नाट्यशास्त्रकार भरताने दोन वीणा सारख्या लावून एकीचा पंचम षड्जग्रामातल्या जागेवरून मध्यमग्रामातल्या जागेवर (ग्राम म्हणजे स्वर लावण्याची जुनी चौकट) उतरवायला सांगितला आणि त्या अंतराला प्रमाणश्रुती म्हटले. ८१:८० हे गुणोत्तर त्याने कुठेही दिलेले नाही, तो नंतरच्या अभ्यासकांनी लावलेला अर्थ आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात असलेल्या ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेवानेही २२ तारा कानानेच लावायला सांगितल्या: प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा इतकीच उंच असावी की मध्ये तिसरा ध्वनी मावू नये. स्वतः दरबाराच्या हिशेबखात्याचा अधिकारी असूनही त्याने इथे आकडा दिला नाही, याची मला नेहमी गंमत वाटते. सेंट हे माप इंग्रज अभ्यासक एलिसने १८८५ च्या सुमारास रूढ केले आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे केलेली श्रुतींची मोजणी १९१० मध्ये प्रसिद्ध झाली.

तरी हा नवा अर्थ हिशेबात चोख बसतो, हे मान्य करायला हवे. २१.५ सेंटांच्या दहा, ७०.७ च्या पाच आणि ९०.२ च्या सात श्रुती मिळवल्या की १२०० सेंटांचे सप्तक पुरे होते. मात्र त्यावरून बावीस श्रुती एकसारख्या नसतात, हे भरताचेच मत होते असे सिद्ध होत नाही.

खर्जप्रेमी:
सर्वांचे आभार. काल रात्री चावीने ग आणि ध दोन्ही उतरवले; ॲपवर ते आता अनुक्रमे १४ आणि १६ सेंट उतरलेले दिसतात आणि तंबोऱ्यासमोर गांधाराची लाट थांबली आहे. रे आणि ध मुद्दाम एकत्र छेडले की अजून बोचतात. सगळ्या तारांवरून बोट फिरवताना मात्र ते जाणवत नाही, म्हणून भूपापुरते असेच ठेवतो.