मदत हवी आहे: शरदात गुहागर ते तवसाळ, जुन्या पाखाड्यांनी चालत

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणला राहते. बाबा टपालखात्यात होते. नोकरीचा मोठा काळ त्यांनी गुहागर तालुक्याच्या दक्षिण पट्ट्यात, म्हणजे वेळणेश्वर, साखरी आगर, हेदवी, नरवण या गावांत पायी टपाल वाटलं. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरींवर घरं चालायची तो काळ. १९८२च्या संपानंतर त्या कशा आटत गेल्या हे बाबा आजही वाडीवार सांगतात. कुठली पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) कुठल्या आगरात (नारळी-पोफळीच्या बागेत) उतरते, कुठला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) श्रावणात वाहून जायचा, कुणाच्या पडवीत पाणी प्यायचं, सगळं त्यांना पाठ आहे. आता सत्तरी ओलांडली आहे, पण तब्येत चांगली आहे आणि रोज सकाळी तासभर चालतात. ती वाट पुन्हा एकदा चालायची असं त्यांनी मनावर घेतलं आहे.

मलाही त्यांना न्यायचं आहे, आणि ते शरदातच. आंब्याच्या दिवसांत आणि नाताळच्या सुट्टीत कोकण सगळेच बघतात. दसऱ्यानंतर मात्र आमच्याकडे फार कमी लोक येतात, आणि माझ्या मते वर्षातले सगळ्यात देखणे दिवस तेच. लवकर पिकणारं हळवं भात कापून खळ्यात आलेलं असतं, उशिरा पिकणारं गरवं अजून शेतात पिवळं उभं असतं, सड्यावरचं, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावरचं, गवत सोनेरी व्हायला लागतं, आणि पावसाने धुतलेल्या हवेत लांबवरची होडीसुद्धा स्पष्ट दिसते. बाबा म्हणतात, या दिवसांत टपालाची पिशवीही हलकी लागायची.

बेत असा: गुहागरहून निघायचं, असगोली, पालशेत, बुधल करत वेळणेश्वर, मग हेदवी, शेवटी नरवण-रोहिलेमार्गे तवसाळ. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून गाडीने गणपतीपुळे आणि घरी. बाबा, मी आणि कॉलेजात जाणारी भाची, एवढेच आहोत. घाई अजिबात नाही. रोज थोडं चालायचं, दुपारी मुक्कामाला टेकायचं.

अडचण अशी की बाबांच्या डोक्यातला नकाशा जुना आहे. पाखाड्या अजून चालत्या आहेत का? की रान माजलं, कुणी दगडी गडगे (कुंपणाच्या भिंती) घालून वाट बंद केली, किंवा वरून डांबरी रस्ता गेला? दुसरं, कोजागरीनंतर लगेच जावं की दिवाळी उरकून? ऑक्टोबरातल्या उन्हाची आणि परतीच्या पावसाची मला धास्ती वाटते, पण उशीर केला तर शेतं रिकामी होतील. तिसरं, पुळणीवरून (किनाऱ्यावरच्या वाळूवरून) जिथे चालता येतं तिथे आम्हाला रस्ता नको आहे, तर भरती-ओहोटीचं गणित कसं बसवायचं? आणि राहायची घरगुती सोय कुठे मिळेल? हॉटेल नको, बाबांना जमिनीवरची पंगत आणि गप्पा मारायला माणसं हवीत.

या भागातल्या लोकांनी जरूर लिहा.

आगरवाला

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी असगोलीचा. पाखाड्यांचं खरं ते सांगतो. गावातल्या गावात, देवळाकडे किंवा पुळणीकडे उतरणाऱ्या बहुतेक पाखाड्या चालू आहेत, काहींना ग्रामपंचायतीने नवीन चिऱ्याच्या पायऱ्या बसवल्या आहेत. पण गाव ते गाव सड्यावरून जाणाऱ्या वाटा मोडल्या. माणसं दुचाकीवर बसली, वाटेवर पाय पडायचा थांबला, करवंदीच्या जाळ्यांनी दोन्ही बाजूंनी वाट गिळली. काही ठिकाणी कलमांच्या बागांना कुंपणं पडली. बागवाल्याला हाक मारून विचारलं तर तो स्वतः बेडं (कुंपणाच्या वाटेतले आडवे बांबू) काढून देतो, असा माझा तरी अनुभव आहे. न विचारता मात्र कुणाच्या बागेतून जाऊ नका.

कापणीच्या दिवसांत बांधावरून चालणं टाळा. बांध पावसाने मऊ झालेले असतात आणि उभं भात पायाखाली आलं तर शेतकऱ्याचं नुकसान होतं. पाणंद धरून जा.

एक महत्त्वाचं: फुरसं, हा विषारी साप. आपल्या कातळावर ते भरपूर आहे, आकाराने लहान आणि रंगाने दगडासारखं, चटकन दिसत नाही. सड्यावर घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, हातात काठी, आणि गडग्यावर बसायच्या आधी काठीने ठोकून बघायचं. बाबांना हे माहीत असणारच, भाचीला नीट सांगा. मुक्कामाच्या प्रत्येक गावी जवळचं आरोग्य केंद्र कुठलं ते आधीच विचारून ठेवा. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला जास्त हालवू नका आणि १०८ला फोन करून थेट दवाखाना गाठा.

सुरंगी

वाचनखूण साठवली. आमच्याकडे वेळणेश्वरला या दिवसांत राहायला घरं सहज मिळतात, देवळाच्या आसपास विचारलं तरी कळेल. निवास-न्याहारी योजनेत नोंदवलेली घरंही आहेत. फक्त जेवणाचं आदल्या दिवशी सांगा. ऐन कापणीत घरातली सगळी माणसं शेतात असतात, आयत्या वेळी पाहुणे आले की बायकांची धावपळ होते.

खाडीकाठ

तारखेचा आणि भरतीचा प्रश्न वेगळा नाही, एकच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या घरी मासेमारी आहे. जुने लोक घड्याळाशिवाय भरती सांगतात ती तिथीवरून. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडे तिकडे होतो, पण चालण्याचा बेत आखायला हे पुरतं.

आता तुमचं बघा. ऊन चढायच्या आत चालायचं आहे, म्हणजे सकाळी सात ते नऊच्या सुमारास ओहोटी हवी. द्वितीयेला भरती दीडला, तर ओहोटी सकाळी पावणेआठच्या आसपास. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी सव्वानऊला. म्हणजे द्वितीया ते चतुर्थी तुमच्यासाठी सोन्यासारख्या तिथी आहेत. शिवाय उधाण नुकतंच झालेलं असल्यामुळे ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि पुळण ओली, टणक, चालायला सोपी मिळते. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फारसं ओसरत नाही, आणि ओहोटी येते भर दुपारी. त्या दिवसांत पुळणीवर चालणं हे कोरड्या वाळूत पाय ओढणं आहे, बाबांच्या गुडघ्यांना ते नको.

म्हणून तुमच्यापुढे दोनच खिडक्या आहेत. कोजागरीनंतरची वद्य द्वितीया, नाहीतर भाऊबीज, कारण तीसुद्धा द्वितीयाच. भरतीचं गणित दोन्हीकडे तंतोतंत सारखं.

खडकाळ टोकांना वळसा घालून पुढच्या पुळणीवर जायचा मोह ओहोटीलाही करू नका. शेवाळलेला कातळ निसरडा असतो आणि परत फिरेपर्यंत पाणी चढायला लागतं. टोक आलं की पाखाडीने वर जा आणि पलीकडे उतरा. बाबाही पिशवी घेऊन तसेच जात असतील.

कातळवेडा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. माझं मत भाऊबीजेच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण विजा. परतीचा पाऊस कोकणातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतो म्हणतात, पण मागे रेंगाळतो. सकाळ लख्ख, दुपारी दोननंतर पूर्वेला सह्याद्रीवर ढग उभे राहतात आणि चार-पाचच्या सुमारास गडगडाट सुरू. सड्यावर आडोसा नसतो. मैलभर सपाट कातळात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्हीच. एकट्या झाडाखाली थांबणं तर आणखी वाईट. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर घ्या, आजूबाजूला वीज पडण्याची शक्यता असली की सूचना देतं. आणि नियमच करा की दुपारी एकनंतर सड्यावर पाऊल नाही.

दिवाळीनंतर हा त्रास बराच कमी होतो, सकाळी हवेत गारवा येतो, गवतही सुकून बसतं आणि बुजलेल्या वाटा दिसायला लागतात. शेतं सगळी रिकामी होतात असं नाही. गरवं भात तेव्हाही बऱ्याच ठिकाणी उभं असतं, आणि झोडणी बघायला मिळेल ती वेगळीच. शिवाय शुक्लपक्षातल्या पहिल्या रात्री काळोख्या असतात. थंडीच्या सुरुवातीला कधी कधी लाटा निळ्या चमकतात, ते चांदण्यात दिसत नाही, काळोखात दिसतं. दिसेलच असं नाही, पण भाचीला रात्री जेवणानंतर पुळणीवर न्या.

मृण्मयी_दापोली

मी थोडी असहमत. कोजागरीनंतरचा शरद तो शरद. दिवाळीनंतर हिरवा रंग फिका पडतो, वहाळ आटतात. आणि भाऊबीजेनंतर शाळांना सुट्टी असते, त्या आठवड्यात किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. गुहागर आणि गणपतीपुळ्याला राहायला जागा मिळणं कठीण. बाबांना गप्पा मारायला निवांत माणसं हवी असतील तर गर्दीआधी जा. विजांचं म्हणणं बरोबरच आहे, पण तुम्ही नाहीतरी दुपारी टेकणारच आहात.

समुद्रात पोहण्याचा विचार असेल तर तो दोन्ही वेळा सोडा. पावसाळ्यात तळाची वाळू हललेली असते, खड्डे आणि ओढ कळत नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र तर वर्षभरच फसवा. पाय भिजवा, पुढे नको.

आगरवाला

दोघांचंही पटतं. एक भर घालतो. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची असते, कातळाच्या फटीत पाणी घुसून उंच उसळतं ते तेव्हाच. वरच्या हिशोबाने चतुर्थीला भरती तीनला येते, म्हणजे सकाळी चालून हेदवीला पोचा, जेवा, आराम करा आणि तिथे जा. आभाळ भरलं असेल तर जाऊ नका. उमामहेश्वराच्या देवळाकडून वाट आहे. ओल्या कातळाच्या काठाशी कुणी कितीही जवळ उभं असलं तरी तुम्ही मागेच राहा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवले. पाऊणपटीचं ऐकल्यावर म्हणाले की साखरी आगरला खाडीपलीकडे टपाल द्यायचं असलं की ते असंच मोजून निघायचे, मला मात्र त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

ठरलं ते असं. कोजागरीनंतरच निघतोय. मृण्मयी, तुमचं गर्दीचं म्हणणं निर्णायक ठरलं. वद्य द्वितीयेला पहाटेच्या एसटीने गुहागर, तिथून लांबच लांब पुळणीने असगोली, आणि त्या दिवशी पालशेतच्या पुढे जायचं नाही. तृतीयेला वेळणेश्वर. रस्त्याने गुहागर ते वेळणेश्वर वीसेक किलोमीटर होतात, ते असे दोन दिवसांत वाटले. मधला चढाचा भाग, बाबा दमले तर, एसटी किंवा रिक्षाने. बाबांनी हे आनंदाने मान्य केलं, मला वाटलं होतं वाद घालतील. चतुर्थीला हेदवी आणि दुपारी बामणघळ. पंचमीला हेदवीतच विश्रांती, दशभुज गणपतीला जायचं आणि बाबांच्या ओळखीची जी घरं उघडी असतील तिथे. षष्ठीला नरवण, पुढे तवसाळ. शेवटचा टप्पा पुळणीचा नाही, त्यामुळे तिथे भरतीची चिंता नाही.

चालणं साडेसहा ते साडेदहा. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, मीठ-साखर, आणि आईने केलेलं कोकम आगळ. बूट तिघांनाही नवे घेतले, निघायच्या आधी रोज घालून सैल करतोय.

आता एकच अडलंय. हेदवीहून नरवणला बाबा सड्यावरून जायचे, वाटेत एक मोठा आंबा आणि त्याखाली पाणपोई होती म्हणतात. ती वाट आज कुणी चालतं का?

नरवणकर

धागा आजच पाहिला. ती वाट अर्धी आहे. आमच्या बाजूने गुरं चरायला नेतात, त्यामुळे सड्यापर्यंत स्वच्छ आहे. हेदवीच्या बाजूचा उतार बुजलाय, तिथून चढू नका. तुम्ही रस्त्याने नरवणला या, व्याघ्रांबरीच्या देवळाशी थांबा, आणि आमच्याकडून वर चढून आंब्यापर्यंत जाऊन परत या. आंबा आहे. पाणपोई नाही, पाणी बरोबर घ्या. षष्ठीच्या सकाळी मी गावातच आहे, गरवं कापायचं असलं तरी तासभर काढता येईल. मला इथेच निरोप पाठवा, आणि बाबांचं नाव कळवा, माझ्या आजीला विचारतो.