इंग्रजांची काटकसर खरी होती की धूळफेक?

बोरूबहाद्दर
इंग्रजांनी लुटलं हे शाळेपासून घोकतोय आपण, ठीक आहे, पण खजिन्याला भोक पडलं की ते निदान स्वतःच्या सरकारवर कात्री चालवायचे हे तरी मान्य करा. महायुद्धानंतर तूट वाढत गेली तेव्हा 1922 ला सरकारी खर्च कापायला इंचकेप कमिटी नेमली, तिने 1923 मध्ये 19 कोटींच्या वर कपात सुचवली आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा लष्कराचा, म्हणजे सगळ्यात लाडक्या खात्याचा. पुढे 1931 च्या मंदीत 10 टक्के पगारकपात, गोऱ्या साहेबांसकट.

तिरकसराव
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच 1923 मध्ये मिठावरचा कर मणाला सव्वा रुपयाचा अडीच रुपये केला, असेंब्लीने नाही म्हटलं तरी व्हाइसरॉय रीडिंगने आपल्या अधिकारात तो लादला. वर्षभरात परत खाली आणला ते सोडा. आणि 1924 ला सरकारी नोकऱ्यांवरच्या ली कमिशनचा अहवाल आला, त्याने आयसीएसवाल्यांना, म्हणजे वरच्या सनदी अधिकाऱ्यांना, भत्ते वाढवून दिले, वर साहेब आणि मॅडमला नोकरीच्या काळात विलायतेच्या चार रिटर्न फेऱ्या सरकारी खर्चाने. गंमत म्हणजे काटकसर शिकवणारे इंचकेपसाहेब पी अँड ओ जहाज कंपनीचे चेअरमन 😀

बोरूबहाद्दर
जहाजाचा मुद्दा चटपटीत आहे पण त्याने इंचकेपचे आकडे खोटे ठरत नाहीत. कमिटीत मुंबईचे उद्योगपती पुरुषोत्तमदास ठाकूरदासांसारखे आपले लोकही होते. लष्करी खर्च कमी करा हे गोखले आयुष्यभर बजेटच्या भाषणांत सांगत होते, कुणी ऐकलं? इंचकेपमुळे निदान काही कोटी खाली आले.

साधापाणी
मला दोघांचंही पटत नाही. पगार कापणं हीच मुळात चांगली गोष्ट असं का धरून चाललाय? ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर तुटपुंज्या पगारावर होते तेव्हा खाजगी व्यापार आणि नजराणे यांवर गब्बर झाले, म्हणून तर गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने कलेक्टरला महिना 1500 रुपये आणि वर वसुलीवर कमिशन दिलं.

तिरकसराव
@साधापाणी बरोबर, पण त्याच कॉर्नवॉलिसने दरोग्याला, म्हणजे ठाण्याच्या हिंदी पोलीस अंमलदाराला, किती दिले? पंचवीस-तीस रुपये. आणि मग तोच साहेब म्हणणार की नेटिव्ह लोक लाचखाऊ. पुढचा गव्हर्नर जनरल बेंटिंकचं पण तेच, बर्मा युद्धाने तिजोरी रिकामी झाली म्हणून आला, लष्कराचा भत्ता कापला त्यावर गोरे अफसर भयंकर चिडले, आणि मग कोर्टात हिंदी सदर अमीन (दिवाणी न्यायाधीश) वाढवले. आपण त्याला उदारमतवादी म्हणतो, अहो स्वस्त पडत होते म्हणून! दादाभाई सांगून सांगून थकले की गोऱ्या माणसाचा पगार आणि पेन्शन दोन्ही देशाबाहेर जातात, पण वरच्या खुर्च्या स्वस्त करायचा विषय आला की सरकारला ऐकू येत नव्हतं.

साधापाणी
सदर अमीन स्वस्त म्हणून नेमले असतील, पण नेमले ना? हेतू कसाही असो, वाट तिथूनच उघडली. हेतू बघत बसलो तर कुठलाच सुधारणेचा कायदा उरणार नाही.

कागदीघोडा
10 टक्क्यांचं कुणी नीट बघितलंय का? आयसीएससारख्यांचे पगार कायद्याने संरक्षित, म्हणून ते कापायला विलायतेच्या पार्लमेंटला 1931 ला खास कायदा करावा लागला आणि त्याच्या नावातच 'तात्पुरती' होतं. 1933 ला कपात निम्मी, 1935 ला पूर्ण पगार परत. त्याच मंदीत करांवर 25 टक्के अधिभार लावला होता, मीठ सव्वा रुपयाचं एक रुपया नऊ आणे मण झालं, तो अधिभार मात्र साहेबांचा पगार पूर्ववत झाल्यावरही राहिला. गांधींनी 1930 ला व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेलं आठवा, तुम्ही रोजचे 700 रुपये घेता आणि हिंदी माणसाची कमाई दोन आण्यांहून कमी.

बोरूबहाद्दर
कपात तात्पुरती होती, मान्य, पण कपात ही कपातच. मंदी गेली, परत दिली, त्यात वाईट काय? आणि गांधींचं म्हणाल तर काँग्रेसने सत्तेत आल्यावर काय केलं ते पण सांगा की.

कागदीघोडा
सांगतो ना. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात सरकारी पगाराला महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा होती, 1937 ला मुंबईत पंतप्रधान (तेव्हाचे मुख्यमंत्री) बाळासाहेब खेरांसकट मंत्र्यांनी 500च घेतले, घर-गाडीचा भत्ता वेगळा. पण त्यांच्या हाताखालचा आयसीएस सेक्रेटरी कित्येक पट जास्त घ्यायचा आणि त्याच्या पगाराला हात लावायची 1935 च्या कायद्याने मंत्र्यांना सोयच ठेवली नव्हती. आता मला सांगा बोरूबहाद्दर, मंत्री स्वतःचा पगार कापतो आणि सेक्रेटरीचा कापू शकत नाही, अशा सरकारला काटकसरी म्हणायचं?

साधापाणी
500 वाल्या मंत्र्यांना झळ लागू नये म्हणून तरी भत्ता होता, हे सोडू नका. बाकी सेक्रेटरीचा मुद्दा खरा आहे.