आयडीईत चालतं, मेव्हनने पॅकेज केलं की क्लास गायब

कुर्ला_स्लो: मंडळी, स्प्रिंग बूटचा (जावाचं फ्रेमवर्क) प्रोजेक्ट आहे, बिल्ड मेव्हनने होतो. पॅरेंट पॉमखाली (पॉम म्हणजे मेव्हनची सेटिंग फाइल) कॉमन, सर्व्हिस आणि वेब अशी मॉड्यूल्स. इंटेलिजे या आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळं धावतं, टर्मिनलवर मेव्हन कम्पाइलही हिरवं. पॅकेज म्हटलं की सर्व्हिस अडतं, कॉमनमधलं पॅकेज अस्तित्वातच नाही म्हणे! डिपेंडन्सी लिहिलेली आहे, टार्गेट फोल्डरमध्ये कॉमनची जारही (क्लासांची बांधलेली फाइल) दिसतेय. मॉड्यूलांचा क्रम बदलून पाहिला, ढिम्म. संध्याकाळच्या आत बिल्ड द्यायचाय, आणि आमच्या सीप्झच्या ऑफिसात विचारावं असं कोणी जाग्यावर नाही.

गिरगावकर: क्रमाचा नाद सोडा. डिपेंडन्सी बघून मेव्हन तो स्वतःच लावतो. ती जार उघडून बघा, क्लास कुठे आहेत? आणि स्प्रिंग बूटचं प्लगइन पॅरेंटमध्ये टाकलंय का?

कुर्ला_स्लो: हो, पॅरेंटमध्येच. क्लास सगळे बूट-इन्फ फोल्डरच्या आत. जार केवढी मोठी झालीय, कॉमनमध्ये क्लास मूठभर!

गिरगावकर: मग सापडला चोर. ते प्लगइन वारशाने प्रत्येक मॉड्यूलला लागतंय आणि पॅकेजच्या वेळी साध्या जारची फॅट जार (लायब्रऱ्यांसकट सगळं आत भरलेली, स्वतः चालणारी) करतंय. स्प्रिंग बूट १.४ पासून त्यात आपले क्लास बूट-इन्फमध्ये जातात. जावा कम्पायलर तिथे डोकावत नाही. कॉमन घरातल्या घरात वापरायचं, त्याचं सामान बांधून टेम्पोत कशाला भरायचं? आयडीई आणि नुसतं कम्पाइल थेट टार्गेटमधले सुटे क्लास वाचतात, म्हणून तिथे हे कळत नाही.

प्लगइन पॅरेंटमधून काढा, फक्त वेबच्या पॉममध्ये ठेवा. पॅरेंट स्प्रिंग बूटचा स्टार्टर नसेल तर रीपॅकेजचं (फॅट जार बनवायच्या पायरीचं) एक्झिक्युशन हाताने लिहावं लागेल. मग क्लीन करून पॅकेज.

एक शंका. कॉमनमध्ये कोणीतरी मेन मेथड ठेवलीय ना? नसती तर मेन क्लास सापडत नाही म्हणून बिल्ड कॉमनवरच फुटला असता.

कुर्ला_स्लो: आहे! कोणीतरी तारखांचं फॉरमॅट तपासायला लिहिलेली, तशीच पडून आहे.

ठाणे_ग्रेडल: कॉमनही स्वतंत्र चालवायचं असेल तर प्लगइनला क्लासिफायर द्या, उदाहरणार्थ एक्झेक. साधी जार मूळ नावाने राहते, फॅट जारच्या नावाला शेपूट लागतं. ग्रेडलवाल्यांना (मेव्हनसारखंच दुसरं साधन) स्प्रिंग बूट २.५ पासून उलटं मिळतं, तिथे शेपूट साध्या जारला, 'प्लेन' म्हणून.

कुर्ला_स्लो: नको, वेब चाललं की पुरे. झालं पॅकेज! ती मेन मेथडही उडवली. आता फक्त वेब बिल्ड करायचं तर?

गिरगावकर: मेव्हनच्या पीएल पर्यायाला (कोणतं मॉड्यूल बांधायचं) वेब द्या, सोबत एएम (ते ज्यांच्यावर अवलंबून, तीही बांध). एएम विसरलात तर कॉमन लोकल रिपॉझिटरीतून, म्हणजे तुमच्याच मशीनवरच्या साठ्यातून येईल, आणि तिथे जुनी फॅट जार असेल तर पुन्हा तोच एरर.