दांडिया बाजारातलं घर आणि आजीचा पारिजातक
जुन्या घरी परत जाऊच नये, नुसतं वाईट वाटतं, हे तुमचं म्हणणं मला नाही पटत. आमचं बडोद्याचं घर दांडिया बाजारात, सुरसागर तलावापासून अगदी जवळ, विकून बरीच वर्षं झाली पण गेल्या दिवाळीत गेलोच. आता तिथे राहणाऱ्या गुजराती काकूंनी "आवो ने, अंदर आवो" करत थेट मागच्या अंगणात नेलं. अर्ध्या अंगणावर फरशी घातलीय गाड्या लावायला, जास्वंद गेली, कर्दळ गेली, पण पारिजातक आहे! म्हणजे आजीनं लावलेलं झाड वाळलं म्हणे, हे त्याच्याच बिया पडून भिंतीकडेला उगवलेलं, तीच खरखरीत पानं, खाली केशरी देठांचा सडा, आणि वाळलेल्या चपट्या शेंगा, प्रत्येकीत दोन कप्पे न् कप्प्यात एकेक बी. काकूंनी मूठभर शेंगा दिल्या, पारिजातक बियांपासून येतो त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाशी पेरणार आहे. कमाटीबागेतही जाऊन आलो, सयाजीरावांनी १८७९ मध्ये केलेली ती बाग आमच्या लहानपणी रविवारची ठरलेली जागा. तुम्हीही तुमच्या जुन्या घरी गेलात आणि तिथे पारिजातक असला तर सकाळी लवकर जा, पारिजातक रात्री फुलतो आणि उजाडता उजाडता सगळा खाली असतो, उन्हं आली की फुलं लगेच मलूल होतात.