मदत हवी आहे: ४००६०१ काही केल्या थांबत नाही

मंडळी, लेक सातवीत आहे. प्रकल्प असा: एक मोठी संख्या घ्या, तिचे गुणधर्म लिहा. तिने आमचा पिनकोडच घेतला, ४००६०१. ठाण्याच्या मुख्य टपाल कचेरीचा, म्हणजे मानाचा!

मी म्हटलं, गणितज्ञ काप्रेकरांची रीत लावू. जन्म डहाणूचा, शाळा ठाण्यात, पुढे देवळालीला मास्तर; ठाणेकरांनी एवढा हक्क सांगायलाच हवा. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढता क्रम वजा करायचा, उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्येत (सगळे अंक सारखे नसतील तर) फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो.

इथे मात्र:

६४१००० − ०००१४६ = ६४०८५४
मग ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४... आणि परत ४२०८७६!

लेक म्हणते, बाबा तुमचा हातचा चुकला. तीनदा केलं हो.

दुसरं, ४००६०१ ही मूळ संख्या आहे का? ९७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून झालं, कुठेच भाग जात नाही. आणखी कुठवर भागत बसू? नौपाड्याचा ४००६०२ सम निघाला, कोपरीच्या ४००६०३ ला तर ७ नेच भाग गेला. सोमवारी वही द्यायची आहे.

प्रतिसाद (उरली बाकी):
हातचा बरोबर आहे, बाबा निर्दोष. सहा अंकांना ६१७४ सारखा एकच मुक्काम नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या स्वतःवरच थांबतात, आणि तिसरं हे तुमचं सात संख्यांचं चक्र. ६५२६४४ आणि ६४२६५४ शेजारी ठेवा: अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. म्हणून दोन्हींनंतर ४२०८७६ च येणार.

भागाकार ६३१ पर्यंत करा, कारण ६३३ चा वर्गच ४००६०१ च्या पुढे जातो. ६३१ पर्यंत मूळ संख्या ११५. तुमच्या २५ झाल्या, ९० राहिल्या. मी कॅल्क्युलेटरवर केलं, मूळच आहे. पण वहीत भागाकार तिलाच करू द्या.

आणि गंमत म्हणजे ४००६०१ ला ४ ने भागलं की बाकी १ उरते. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, तीही एकाच प्रकारे (फर्माचं प्रमेय). इथे ३५५² + ५२४².

धागाकर्ता:
१२६०२५ + २७४५७६, जुळलं! लेकीने स्वतः गुणून पाहिलं. ९० भागाकार आम्ही वाटून घेतलेत, तिचे ६०. आता विचारतेय, ऐरोलीच्या आजीचा ४००७०८ का नाही घेतला, तो तर ७ आणि ११ दोन्हींनी सुटतो.